ग्रीस-तुर्की क्रूझ: व्हिसाच्या एंट्री कशा मोजायच्या आणि बंदरांवरच्या शुल्काचा हिशेब कसा लावायचा

ग्रीक बेटांची क्रूझ ठरली की घरात देशांची यादी होते. ग्रीस आणि तुर्की, म्हणजे दोन व्हिसा, झालं काम. गडबड इथेच सुरू होते. भारतीय पासपोर्टवर क्रूझला जाताना देश किती यापेक्षा जहाज कोणत्या बंदरानंतर कोणत्या बंदराला लागतं, हे आधी बघावं लागतं. तेच दोन देश आणि तीच बेटं असली, तरी क्रम बदलला की एका कुटुंबाला एका एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत येऊ देणारा, व्हिसा पुरतो आणि दुसऱ्या कुटुंबाला अथेन्सच्या पिरेयस बंदराच्या धक्क्यावरून परत फिरावं लागतं.

या लेखात अथेन्सहून निघून अथेन्सलाच परतणारी नेहमीची फेरी उदाहरणादाखल घेतली आहे. पहिले दोन दिवस अथेन्समध्ये हॉटेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पिरेयस बंदरात जहाजावर चढायचं. चौथा दिवस मिकोनोस, पाचवा तुर्कीतलं कुशादासी, सहावा ऱ्होड्स, सातवा क्रीटवरचं हेराक्लिओन, आठवा सँटोरिनी आणि नवव्या दिवशी सकाळी पुन्हा पिरेयस. तुमची फेरी वेगळी असेल, पण मोजायची पद्धत हीच.

आधी बंदरांचा क्रम कागदावर मांडा

एक कोरा कागद घ्या. डावीकडे तारखा, मधे बंदर, उजवीकडे फक्त एक अक्षर: शेंगेनमधलं (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातलं) बंदर असेल तर ‘शें’, बाहेरचं असेल तर ‘बा’. ग्रीस, इटली, माल्टा शेंगेनमध्ये आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, तर बल्गेरिया आणि रोमेनिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण सदस्य झाले. तुर्की, माँटेनेग्रो आणि अल्बानिया बाहेर आहेत. सायप्रस युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये नाही, आणि इथे अनेकांची फसगत होते.

आता उजवीकडचा रकाना वरून खाली वाचा. ‘बा’ नंतर ‘शें’ आलं की एक नवी शेंगेन एंट्री लागते. वरच्या फेरीत अथेन्स विमानतळावर पहिली एंट्री होते. मिकोनोसहून जहाज कुशादासीला निघालं की तुम्ही शेंगेनबाहेर पडता आणि ऱ्होड्सला दुसऱ्यांदा आत येता. म्हणजे किमान दोन एंट्री हव्यात. हातात एका एंट्रीचा व्हिसा असेल, तर तो कुशादासीच्या वाटेवरच संपतो.

‘आम्ही कुशादासीला उतरणारच नाही, जहाजावरच बसून राहू’ हा उपाय बरेच जण सुचवतात. तो चालत नाही. जहाज तुर्कीच्या बंदरात जाऊन परत ग्रीसला येतं आणि त्याच्याबरोबर तुम्हीही येता. शिवाय क्रूझ कंपन्या ही मोजणी चढण्यापूर्वीच करतात. चेक-इनच्या खिडकीवर पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टिकर पाहून एंट्री कमी दिसली की प्रवेश नाकारतात, आणि तिकिटाचे पैसे बहुधा जातात.

याउलट अथेन्सला चढून बेटं करत कुशादासी, मग इस्तंबूल आणि तिथूनच विमानाने मुंबई, अशी एकाच दिशेची फेरी असेल, तर शेंगेनची एक एंट्री पुरते, कारण तुम्ही परत ग्रीसला येतच नाही. तरीही दोन एंट्रींचा व्हिसा मागणं शहाणपणाचं आहे. वादळी वाऱ्यामुळे बंदरांचा क्रम बदलण्याचे प्रसंग एजियन समुद्रात येतात. उन्हाळ्यात तिथे ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो चांगलाच जोरात असतो.

एड्रियाटिकच्या फेरीलाही हेच गणित लागू होतं. क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक, मग माँटेनेग्रोचं कोटोर, मग ग्रीसचं कॉर्फू, असा क्रम असेल तर कोटोरमुळे दुसरी एंट्री लागते. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना माँटेनेग्रोचा वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणून अनेकांना वाटतं की कोटोर मोजायचंच नाही. कोटोरला उतरायची अडचण नसते, कॉर्फूला परत शिरायची असते.

शेंगेनचा अर्ज: कुठे, केव्हा, किती

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे जास्तीत जास्त दिवस कुठे राहणार यावर ठरतं. दोन देशांत दिवस सारखे असतील तर जिथे आधी प्रवेश करणार त्या देशाकडे. आपल्या उदाहरणात सरळ ग्रीस. विमान फ्रँकफर्टला बदललं म्हणून जर्मनीकडे अर्ज जात नाही. इटली आणि ग्रीस दोन्ही असलेल्या क्रूझमध्ये हॉटेलचे दिवसही धरून मोजा. लोक जहाजाचे दिवस तेवढे मोजतात आणि रोममधले तीन दिवस विसरतात.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची, पण चौकशी वाढली तर ती ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. मे महिन्यातल्या सुट्टीची क्रूझ असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट मिळवा. मार्चनंतर महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी आणि युरोपच्या सहलींचा हंगाम एकत्र येतो आणि अपॉइंटमेंट मिळणं अवघड होत जातं.

शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे. ६ वर्षे पूर्ण पण १२ च्या आतल्या मुलांना ४५ युरो, ६ वर्षांखालच्या मुलांना माफ. १२ वर्षे पूर्ण झालेलं मूल व्हिसा शुल्काच्या हिशेबात प्रौढच. आईवडील, १४ वर्षांची मुलगी आणि १० वर्षांचा मुलगा असं कुटुंब असेल तर ९० गुणिले ३ अधिक ४५, म्हणजे ३१५ युरो. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क याच्या वर. एसएमएस, कुरियर, झेरॉक्स, ‘प्रीमियम लाउंज’ असल्या सेवा ऐच्छिक असतात. त्या घेतल्याने व्हिसा मिळण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही.

पासपोर्ट शेंगेनमधून शेवटच्या बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा आणि त्यात निदान दोन पानं कोरी हवीत. आम्ही मात्र ६ महिने धरायला सांगतो, कारण क्रूझ कंपन्या सहसा तेवढीच मुदत मागतात. मुलांचे पासपोर्ट वेगळे तपासा. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो आणि आईबाबांचा १० वर्षांचा, त्यामुळे घरातला एकच पासपोर्ट गुपचूप संपत आलेला असतो.

नावाकडे लक्ष द्या. मराठी कुटुंबांत हा कायमचा गुंता आहे. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाच्या रकान्यातच आहे, कुणाचं आडनाव लग्नानंतर बदललंय पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. क्रूझचं बुकिंग, विमानाचं तिकीट, विमा, शेंगेनचा अर्ज आणि तुर्कीचा ई-व्हिसा या पाचही ठिकाणी पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली छापलेल्या दोन ओळींत नाव जसं आहे तसंच लिहा. टूर कंपनीने बुकिंगमध्ये ‘मिसेस जोशी’ एवढंच टाकलं असेल तर ते आजच दुरुस्त करून घ्या.

अर्जात किती एंट्री हव्यात असा प्रश्न असतो. तिथे मल्टिपलवर खूण करा. तेवढ्याने भागत नाही. सोबतच्या पत्रात एंट्री का हवी ते तारखांसकट लिहा: अमुक तारखेला अथेन्स विमानतळावर प्रवेश, अमुक तारखेला मिकोनोसहून कुशादासीकडे प्रस्थान, अमुक तारखेला ऱ्होड्स इथे पुनर्प्रवेश, अमुक तारखेला अथेन्सहून भारताकडे. चार ओळी पुरतात. अधिकारी अर्ज झरझर वाचत असतो आणि क्रूझच्या रंगीत माहितीपत्रकातून हा क्रम त्याने शोधून काढावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

क्रूझच्या पुष्टिपत्रावर तीन गोष्टी असायलाच हव्यात: प्रत्येक प्रवाशाचं पूर्ण नाव, जहाजाचं नाव आणि तारीखवार बंदरं. पुष्कळ पुष्टिपत्रांवर एकाच प्रवाशाचं नाव आणि पुढे ‘अधिक ३’ असं असतं. ते चालवून घेऊ नका, नव्याने मागा. क्रूझच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींची हॉटेल बुकिंग जोडा. अथेन्सच्या त्या दोन रात्री कागदावर नसल्या की मुक्कामात खंड दिसतो आणि अर्ज अडतो.

बाकी कागद नेहमीचे: केंद्राच्या यादीत मागितले असतील तितक्या महिन्यांचं बँक स्टेटमेंट शिक्क्यासह, आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं आणि रजेचं पत्र किंवा व्यवसायाची नोंदणी. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक चार लाख जमा करू नका. रक्कम खरोखरच आली असेल, उदाहरणार्थ मुदत ठेव मोडली असेल, तर त्याची पावती जोडा. आई किंवा वडील एकटेच मुलांना नेत असतील तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं.

विम्याची किमान रक्कम ३०,००० युरो आणि ती सगळ्या शेंगेन देशांत लागू हवी. इथे क्रूझवाल्यांची एक खास चूक होते. फक्त ‘शेंगेन’ नाव असलेली पॉलिसी स्वस्त पडते म्हणून घेतात. ती कुशादासीत किंवा इस्तंबूलमध्ये लागू असेलच असं नाही. पॉलिसीत तुर्कीचं नाव स्पष्ट असू द्या, किंवा अमेरिका-कॅनडा वगळून जगभराची घ्या. जहाजावरच्या डॉक्टरांचा खर्च आणि विमान उशिरा आल्याने जहाज चुकणं, हे दोन्ही त्यात आहे का ते पॉलिसीच्या मजकुरात वाचा. जहाजावरचा दवाखाना स्वस्त नसतो.

पूर्वी शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले असतील तर ते ५९ महिने चालतात. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून एक चांगली सवलत आहे. मागच्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नियमाप्रमाणे वापरले असतील, तर २ वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळण्याची वाट खुली होते. जुन्या व्हिसांच्या प्रती न मागताही जोडा.

स्टिकर हातात आला की तिथेच वाचा

केंद्रातून पासपोर्ट घेतला की बाहेर पडायच्या आधी चार रकाने पाहा. पहिला, कोणत्या देशांसाठी वैध. दुसरा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. तिसरा, एंट्रींची संख्या: ०१, ०२ किंवा मल्टिपलचं संक्षिप्त ‘मल्ट’. चौथा, मुक्कामाचे दिवस.

दुसरा आणि चौथा रकाना एकच नव्हेत. तारखांची मुदत २५ दिवसांची आणि मुक्काम फक्त १० दिवसांचा, असं असू शकतं. प्रवेशाचा दिवस आणि बाहेर पडण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. म्हणून अर्ज करताना तुर्कीचा दिवस वजा करून दिवस मागू नका, सगळे नऊ दिवस मागा.

मल्टिपल मागूनही ०१ आलं तर? त्याच दिवशी केंद्रामार्फत वाणिज्य दूतावासाला लेखी कळवा, तारखांचं तेच पत्र पुन्हा जोडा आणि दुरुस्ती मागा. सोबत क्रूझ कंपनीला ईमेलने विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. दुरुस्ती झाली नाही तर तुर्कीला न जाणाऱ्या फेरीवर बदलता येतं का ते पाहा. ‘कोण बघतंय’ म्हणून निघण्याचे दिवस आता गेले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी प्रवेश-निर्गमन प्रणाली सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ ही ती सगळीकडे पूर्ण लागू होण्याची ठरलेली तारीख होती. शिक्क्यांच्या जागी चेहऱ्याचा फोटो आणि संगणकावरची नोंद आली. एंट्री किती झाल्या आणि दिवस किती उरले, हे यंत्रच मोजतं.

तुर्कीचा ई-व्हिसा: शेंगेननंतरच

भारतीयांना तुर्कीचा ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. शेंगेन देश, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकी कुणाचा तरी वैध व्हिसा किंवा रहिवासी परवाना हातात असेल तरच मिळतो. आधाराचा हा व्हिसा तुर्कीत प्रवेश करण्याच्या दिवशी वैध हवा. या कामासाठी दुसऱ्या देशाचा ई-व्हिसा चालत नाही. दुबई किंवा अबुधाबीचा रहिवासी परवानाही यात बसत नाही, हे आखातातल्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावं. म्हणून क्रम ठरलेला: आधी शेंगेनचा स्टिकर, मग तुर्कीचा अर्ज.

अर्ज तुर्की सरकारच्या संकेतस्थळावरच करा. त्याच्या पत्त्यात ‘ईव्हिसा’ असतं आणि शेवटी तुर्की सरकारची ‘डॉट गव्ह डॉट टीआर’ ही खूण. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातींत तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं असतात. तीही व्हिसा काढून देतात, पण मधे स्वतःचं शुल्क लावतात आणि तुमच्या पासपोर्टची माहिती त्यांच्याकडे जाते. फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवा, नाहीतर पैसे भरण्याच्या पानावर गाडी अडते.

भारतीयांना मिळणारा हा ई-व्हिसा एका एंट्रीचा आणि ३० दिवसांच्या मुक्कामाचा असतो. आता पुन्हा तोच कागद काढा आणि या वेळी तुर्कीच्या बाजूने वाचा. इस्तंबूल आणि लगेच कुशादासी असा क्रम असेल तर एक एंट्री. पण इस्तंबूल, मग ग्रीसचं एखादं बेट, मग कुशादासी असा क्रम असेल तर तुर्कीत दोनदा प्रवेश होतो आणि एक ई-व्हिसा पुरत नाही. अशी फेरी बुक करण्याआधीच क्रूझ कंपनीला विचारा की दुसऱ्या तुर्की बंदराला भारतीय पासपोर्टवाल्यांना कोणत्या आधारावर उतरू देतात.

हा आधार खरोखर आहे. क्रूझने आलेल्या आणि बंदराचं शहर किंवा लगतचे प्रांत पाहायला उतरणाऱ्या परदेशी प्रवाशांना ७२ तासांपर्यंत व्हिसाची अट न लावण्याची तरतूद तुर्कीच्या कायद्यात आहे. परवानगी मात्र स्थानिक पोलिसांकडून मिळते आणि ती जहाजाच्या वतीने मागितली जाते. फेरी तुर्कीत सुरू होत असेल किंवा संपत असेल तर ही सवलत धरून चालू नका. आमचं मत असं: शेंगेन व्हिसा हातात असताना ई-व्हिसाची पात्रता तयारच असते, मग एका दिवसाच्या कुशादासीसाठीही तो काढून घ्यावा. क्रूझ कंपनीने ‘लागत नाही’ असं लेखी दिलं, तरच पैसे वाचवा.

घरात दोन रंगांचे पासपोर्ट असतील तर

आजीआजोबा पुण्याहून, मुलगा-सून न्यू जर्सीहून आणि सगळ्यांनी अथेन्सला भेटायचं, अशा क्रूझ हल्ली पुष्कळ होतात. इथे प्रत्येक व्यक्तीचा कागद वेगळा करा. अमेरिकन पासपोर्ट असलेल्या नातवाला शेंगेनसाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, आणि तुर्कीनेही २०२४ च्या सुरुवातीपासून अमेरिकी पर्यटकांना ई-व्हिसातून मोकळं केलं आहे. युरोपची ‘एटियास’ नावाची नवी २० युरोंची प्रवास-परवानगी २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करण्याचं नियोजन आहे. ती अशा बिनव्हिसावाल्या पासपोर्टधारकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा घेणाऱ्यांना एटियास लागत नाही. कुणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

एच-१बी या अमेरिकी नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी पासपोर्टवरच्या अमेरिकी व्हिसाची तारीख पाहावी. तो संपला असेल आणि हातात फक्त आय-७९७ हे मंजुरीचं पत्र असेल, तर त्याचा तुर्कीच्या ई-व्हिसाला आधार धरू नका. ग्रीन कार्ड मात्र रहिवासी परवाना म्हणून चालतं. शेंगेनचा अर्ज जिथे कायदेशीर वास्तव्य असेल तिथूनच करायचा असतो. आईवडील सहा महिन्यांसाठी अमेरिकेला आले असतील आणि तिथूनच क्रूझला जायचं असेल, तर शेंगेनचं काम भारतातून निघण्याआधी करून घेणं सोपं जातं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं त्या ओसीआय कार्डाचा या सगळ्यात काहीही उपयोग नाही.

पैसे चार वाटांनी जातात

व्हिसाचं शुल्क ही पहिली वाट. दुसरी, ग्रीस सरकारचा क्रूझ प्रवाशांवरचा कर. जुलै २०२५ पासून तो लागू आहे आणि प्रत्येक बंदरात उतरण्यासाठी दरडोई वेगळा लागतो. मिकोनोस आणि सँटोरिनी इथे जून ते सप्टेंबर २० युरो, एप्रिल, मे आणि ऑक्टोबरमध्ये १२ युरो, नोव्हेंबर ते मार्च ४ युरो. बाकीच्या बंदरांना हेच आकडे ५, ३ आणि १ युरो.

आपल्या फेरीत मिकोनोस, सँटोरिनी, ऱ्होड्स आणि हेराक्लिओन अशी चार ग्रीक बंदरं मधे लागतात. मेमध्ये १२ अधिक १२ अधिक ३ अधिक ३, म्हणजे माणशी ३० युरो. जुलैत तेच ५० होतात. मे महिन्यातली सुट्टी आपल्या पथ्यावर पडते ती अशी: ३१ मेच्या आत फेरी संपली तर दर मधला, १ जूनला दर वरचा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरमध्ये आली तरीही मधलाच दर.

हा कर क्रूझ कंपनी गोळा करते. कुणी तो तिकिटातच धरतं, कुणी जहाजावरच्या तुमच्या खात्यात टाकतं. ‘बंदर शुल्क आणि कर समाविष्ट’ असं छापलेलं असलं तरी हा कर त्यात आहे का, ते नाव घेऊन विचारा. अथेन्सच्या हॉटेलातही असाच एक कर असतो, तो माणशी नसून खोलीमागे दर रात्री: एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकितला ५, चार तारांकितला १०, पंचतारांकितला १५ युरो. ऑनलाइन पैसे पूर्ण भरले असले तरी तो बहुधा हॉटेलातच द्यावा लागतो.

तिसरी वाट म्हणजे प्रेक्षणीय स्थळांची तिकिटं, आणि सगळ्यात मोठी रक्कम इथेच जाते. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसचं तिकीट एप्रिल २०२५ पासून ३० युरो आहे आणि ते ठरलेल्या वेळेचं असतं. उन्हाळ्यात सकाळी ८ ची वेळ घ्या. उष्णतेची लाट आली की दुपारी ॲक्रोपोलिस बंद ठेवतात आणि मग दुपारचं तिकीट हातात राहतं. ऱ्होड्सजवळचं लिंडोस, हेराक्लिओनजवळचं क्नोसोस आणि सँटोरिनीवरचं अक्रोतिरी ही प्राचीन स्थळं प्रत्येकी २० युरो. कुशादासीजवळच्या एफेसस या प्राचीन शहराला परदेशी पर्यटकांना ४० युरो आणि तिथली गच्चीघरं (टेकडीच्या उतारावरची प्राचीन घरं) पाहायची तर १५ युरो वेगळे. भित्तिचित्रं आणि रंगीत फरशा तिथेच आहेत, त्यामुळे एफेससपर्यंत जाऊन १५ युरोंसाठी ती सोडू नयेत असं आम्हाला मनापासून वाटतं.

सगळी स्थळं पाहिली तर माणशी १४५ युरो होतात. जोडप्याचे २९०. हिशेबाला सोपं म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरले, तर जोडप्याचा मे महिन्यातला आकडा असा येतो: व्हिसा १८,०००, क्रूझ कर ६,०००, तिकिटं २९,०००, चार तारांकित हॉटेलच्या दोन रात्रींचा कर २,०००. एकूण ५५,००० रुपये. सेवाशुल्क, विमा आणि तुर्कीचा ई-व्हिसा यात धरलेले नाहीत. टूर कंपनीने ‘सर्व समाविष्ट’ म्हटलं असेल, तर यातला कोणता आकडा त्यांच्याकडे आणि कोणता तुमच्याकडे, ते ओळीओळीने लिहून घ्या. जहाजाच्या सहलींच्या वर्णनात ‘एफेससला भेट’ असतं, तेव्हा प्रवेश तिकीट आणि गच्चीघरं या दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा.

चौथी वाट किरकोळ वाटते पण दिवस तीच बिघडवते: बंदरापासून स्थळापर्यंतचा खर्च. हेराक्लिओन बंदरापासून क्नोसोस जेमतेम ५ किलोमीटर, शहरबसने जाता येतं. ऱ्होड्स ते लिंडोस सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस. सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटींनी जुन्या बंदरावर उतरवतात आणि वर फिरा गावात जायला केबल कार किंवा सुमारे ६०० पायऱ्या. केबल कारचं तिकीट तुमचं तुम्हालाच काढावं लागतं. परतताना संध्याकाळी तिथे लांब रांग लागते, म्हणून शेवटच्या बोटीच्या निदान दीड तास आधी वरच्या स्टेशनला या. गुडघे दुखणाऱ्यांना पायऱ्या उतरायला लावू नका. जहाजाच्या स्वतःच्या सहली बहुधा बसने वर नेतात, ज्येष्ठांसाठी त्या महाग पडल्या तरी घ्याव्यात.

पॅकेजवर कापलेला टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर, हा मात्र खर्च धरू नका. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्रात वळता करता येतो. ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच तो मिळतो, त्यामुळे बुकिंग कुणाच्या नावाने करायचं ते आधी ठरवा.

अंतिम हप्त्याच्या आधी, आणि चढण्याच्या दिवशी

क्रूझच्या उरलेल्या रकमेची मुदत बहुतेक वेळा निघण्याच्या ६० ते ९० दिवस आधी असते आणि त्यानंतर रद्द केल्यास कपात झपाट्याने वाढते. म्हणून शेंगेनचा निर्णय या तारखेच्या आत हातात यावा, अशा बेताने अपॉइंटमेंट घ्या. व्हिसा नाकारला गेल्याचं नुकसान बहुतेक प्रवास विम्यांत धरत नाहीत. अर्जासाठी विमानाचं बुकिंग परत मिळणाऱ्या भाड्याचं किंवा तात्पुरतं ठेवा.

निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या नावाची एक प्लास्टिक फाइल करा. त्यात शेंगेन स्टिकरच्या पानाची प्रत, तुर्कीच्या ई-व्हिसाचे दोन छापील कागद, क्रूझचं पुष्टिपत्र, विमा आणि परतीचं तिकीट. ई-व्हिसा फक्त फोनमध्ये ठेवू नका. पिरेयसच्या गर्दीत चार जणांचे कागद एकाच्या फोनमध्ये आणि त्याची बॅटरी संपलेली, असा घोळ टाळणं सोपं आहे. ही फाइल हातातल्या पिशवीत असू द्या, कारण मोठ्या बॅगा चेक-इनच्या आधीच सामानवाले घेऊन जातात आणि त्या संध्याकाळी खोलीत पोहोचतात.

पुष्कळ जहाजांवर पासपोर्ट चढतानाच ठेवून घेतात, म्हणजे बंदरातल्या अधिकाऱ्यांना एकत्र दाखवता येतात. ही रीत नेहमीची आहे, घाबरू नका. पासपोर्टची झेरॉक्स आणि जहाजाचं कार्ड घेऊन बंदरात उतरा. शेवटच्या रात्री पासपोर्ट परत मिळाला की स्टिकर आणि पानं तपासा, आणि खोलीत आलेलं जहाजाचं बिल बंदरांच्या कागदाशी जुळवून पाहा. क्रूझ कर दोनदा लागला असेल, किंवा हवामानामुळे जहाज ज्या बेटाला लागलंच नाही त्याचाही लावला असेल, तर स्वागतकक्षात त्याच रात्री सांगा. सकाळी उतरण्याच्या घाईत तिथे रांग असते.